बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डीच्या बाजारात) निघण्याआधी : घरच्या साध्या कामासाठी स्वस्त डेस्कटॉप कसा निवडावा

“आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, मॉनिटरसकट पूर्ण सेट” असं पोस्टर व्हॉट्सॲपवर आलं की पहिला प्रश्न विचारायचा तो पिढीचा. आय-फाइव्ह कितव्या जनरेशनचा? “अहो, आय-फाइव्ह म्हणजे आय-फाइव्ह” असं उत्तर आलं, तर तो बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचा, म्हणजे २०११-१२ सालचा असतो. कॅबिनेट नवीन, समोर रंगीत दिवे, एसएसडी नवीन, मदरबोर्डसुद्धा नव्याने बनवलेला. पण त्यावरचा प्रोसेसर कुठल्यातरी ऑफिसातून निघालेल्या जुन्या मशीनचा, पुसून बसवलेला. पोस्टरवरचा प्रत्येक शब्द खरा असतो, त्यामुळे नंतर दुकानदाराशी भांडताही येत नाही.

पिढी ओळखायची तर प्रोसेसरचा पूर्ण नंबर मागा. इंटेलच्या नंबरातले शेवटचे तीन आकडे सोडले की उरतो तो पिढीचा आकडा. आय५-३४७० म्हणजे तिसरी पिढी, आय५-८५०० म्हणजे आठवी, आय३-१२१०० म्हणजे बारावी. ‘एन१००’ किंवा अलीकडच्या ‘कोअर ३’, ‘कोअर ५’ अशा नावांना हा हिशेब लागू होत नाही, पण त्या चिप नव्याच आहेत, त्यामुळे तिथे या प्रकारची फसगत होत नाही. नंबर सांगायला टाळाटाळ होत असेल तर मदरबोर्डचा चिपसेट विचारा. एच६१ असं उत्तर आलं की समजा दुसरी किंवा तिसरी पिढी. तो सेट कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या.

इतका आग्रह कशासाठी? पहिलं कारण विंडोज. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे चालायला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप किंवा सोय) लागतं. जुन्या मशीनवर आडमार्गाने विंडोज ११ चढवून देणारे भेटतात; ते चालतंही, पण पुढच्या एखाद्या मोठ्या अपडेटला अडकलं तर सोडवायचं तुम्हालाच. दुसरं कारण यूट्यूब. मुलांचे क्लास, भजनं, बातम्या, सगळं तिथे. यूट्यूबचे बरेच व्हिडिओ व्हीपी९ आणि एव्ही१ या पद्धतीने येतात. तिसऱ्या-चौथ्या पिढीत ते उलगडायची स्वतंत्र सोय नाही, म्हणून सगळा भार प्रोसेसरवर पडतो, पंखा घोंघावतो आणि चित्र अडखळतं. आठव्या पिढीत व्हीपी९ ची सोय आहे, बाराव्या पिढीत दोन्हींची. आणि वेगाचं म्हणाल तर बाराव्या पिढीचा आय-थ्री तिसऱ्या पिढीच्या आय-फाइव्हला सहज मागे टाकतो. कोर दोघांचेही चारच, पण नव्याच्या एकेका कोरचा वेग दीडपटीहून जास्त.

तेव्हा आठव्या पिढीच्या खाली उतरायचं नाही. ही एक रेघ पाळली तरी निम्मी फसगत टळते.

नंबराच्या शेवटचं अक्षरही वाचा. आय३-१२१००एफ मधल्या ‘एफ’चा अर्थ, यात चित्र दाखवणारा भाग नाही, वेगळं ग्राफिक्स कार्ड लागेल. घरच्या कामाला ते कार्ड म्हणजे फुकटचा खर्च आणि उष्णता. रायझनमध्ये ५६००जी मधला ‘जी’ असेल तर चित्राची सोय आत आहे. नुसत्या ५५०० ला ती नाही. कोटेशनमध्ये ‘एफ’वाला प्रोसेसर दोन पैसे स्वस्त दिसतो आणि घरी आल्यावर मॉनिटर काळाच राहतो, तो यामुळेच.

नवीन की वापरलेला

ईमेल, बँकेची कामं, सातबारा काढणं, महाडीबीटीचे फॉर्म, मुलांचं एमएस-सीआयटी, वर्ड-एक्सेल आणि व्हिडिओ कॉल एवढाच वापर असेल, तर कंपन्यांतून निघालेलं चांगलं मशीन नव्या स्वस्त असेंबल्ड सेटपेक्षा बरेचदा जास्त भरवशाचं असतं. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी प्रोडेस्क किंवा एलिटडेस्क, लेनोव्हो थिंकसेंटर ही नावं शोधा. दिवसभर चालू राहण्यासाठी बांधलेली ही मशीनं आहेत. मदरबोर्ड आणि एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) दणकट असतात, आणि स्वस्त सेटमध्ये नेमका तिथेच हात आखडलेला असतो. आय५-८५०० (सहा कोर), आठ जीबी रॅम आणि एसएसडी अशी जोडी घरासाठी पुरून उरते. किमतीचा आमचा साधा नियम : तेच काम करणाऱ्या नव्या मशीनच्या निम्म्याच्या आसपास किंवा खाली मिळत असेल तरच वापरलेलं घ्या. त्याच्या वर गेलं तर वॉरंटीवालं नवीनच बरं.

वापरलेल्यात चार ठिकाणी हमखास गाडी अडते. एक, बायोसला (विंडोजच्या आधी चालणारा मशीनचा मूळ प्रोग्राम) जुन्या कंपनीचा पासवर्ड. दुकानातच चालू करताना डेलला एफ२, एचपीला एफ१०, लेनोव्होला एफ१ दाबून बायोस उघडून पाहा. पासवर्ड मागितला तर ते मशीन तिथेच ठेवा. काही मॉडेलमध्ये तो काढायला कंपनी मालकीचा पुरावा मागते आणि तुमच्याकडे तो नसतो. दोन, एसएमपीएस. यातल्या अनेक मॉडेलचा आकार आणि पिना खास त्या कंपनीच्या असतात. जळला तर बाजारातला कुठलाही साधा एसएमपीएस बसत नाही, म्हणून त्या मॉडेलचा सुटा मिळतो का, हे विकणाऱ्याला आधीच विचारा. तीन, मागे एचडीएमआय नसतं, नुसतं डिस्प्लेपोर्ट असतं. डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाणारी केबल सोबत मागून घ्या. उलट्या दिशेची केबल दिसायला सारखीच, पण चालत नाही. चार, पुस्तकाएवढ्या छोट्या मॉडेलला लॅपटॉपसारखा बाहेरचा अडॅप्टर लागतो. तो मूळ कंपनीचाच हवा, कारण नकली अडॅप्टरवर काही मशीनं मुद्दाम मंद चालतात.

नवीन घ्यायचं ठरलं तर आय३-१२१०० आणि एच६१० चिपसेटचा बोर्ड ही घरासाठी सरळ जोडी. प्रोसेसर बॉक्स पॅकमध्ये मागा. इंटेलच्या बॉक्स पॅकवर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रेमधून काढून दिलेल्याला तुम्ही आणि दुकानदार, एवढंच. सोबतचा पंखा बॉक्समधला असेल तर तो पुरतो, वेगळा घ्यायची गरज नाही. जागा कमी आणि वापर अगदी हलका असेल तर एन१०० चिपचा मिनी पीसी हाही चांगला पर्याय. वीज फार कमी खातो, आवाज जवळपास नाही. फक्त त्यात रॅमची एकच जागा असते, आणि काही मॉडेलमध्ये रॅम बोर्डलाच जोडून येते, म्हणून पुरेशी रॅम सुरुवातीलाच घ्यावी लागते.

ऑल-इन-वनचा मोह टाळा. दिसायला सुटसुटीत, पण स्क्रीन गेली की कॉम्प्युटर गेला आणि बोर्ड गेला की स्क्रीनही अडकली.

बाकीचे भाग

रॅम आठ जीबी ही किमान. ब्राउझरमध्ये पंधरा टॅब आणि सोबत झूम असं चालणार असेल तर सोळा. आठ घेताना एकच पट्टी घ्या म्हणजे दुसरी जागा पुढच्यासाठी मोकळी राहते. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चांगलेच चढले आहेत आणि भराभर बदलतात, म्हणून दोन-तीन दुकानांची कोटेशनं एकाच दिवशी घ्या, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही. कोटेशनमध्ये डीडीआर४ की डीडीआर५ हे लिहून घ्या. एका प्रकारच्या बोर्डात दुसऱ्या प्रकारची पट्टी बसतच नाही.

विंडोज एसएसडीवरच हवी. हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते, साधी साटा एसएसडी पाचशेच्या वर, आणि छोट्या छोट्या फाइलींच्या बाबतीत फरक याहून किती तरी मोठा. घरच्या वापरात साटा आणि एनव्हीएमई (एसएसडीचा आणखी वेगवान प्रकार) यांतला फरक हाताला फारसा जाणवत नाही, त्यामुळे जे स्वस्त आणि नावाजलेल्या कंपनीचं मिळेल ते घ्या. २५६ जीबी पुरते. लग्नाचे व्हिडिओ आणि फोटोंसाठी जुनी हार्ड डिस्क दुसरी म्हणून लावता येते.

मॉनिटर २२ इंची, १९२० गुणिले १०८०, आयपीएस पॅनल. सेटसोबत ‘फ्री’ मिळणारा १८.५ इंची मॉनिटर बहुधा १३६६ गुणिले ७६८ चा असतो. त्यावर सरकारी संकेतस्थळांचे फॉर्म उजवीकडे कापले जातात आणि एक्सेलचे रकाने मावत नाहीत. मॉनिटर दहा वर्षं टिकतो, तिथे काटकसर करू नका. घरच्या ३२ इंची टीव्हीला जोडण्याचा विचार असेल तर आधी टीव्ही फुल एचडी आहे का ते बघा. एचडी रेडी टीव्हीवर अक्षरं जाडीभरडी दिसतात. कडा कापल्या जात असतील तर टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ लावा.

लोक हमखास विसरतात त्या वस्तू : डेस्कटॉपला वेबकॅम, माइक आणि स्पीकर स्वतःचे नसतात, आणि स्वस्त बोर्डांना वाय-फायही नसतं. राउटर त्याच खोलीत असेल तर लॅन केबल टाका, तेच उत्तम. नाहीतर ५ गिगाहर्ट्झ पकडणारा यूएसबी वाय-फाय डोंगल घ्या.

एसएमपीएसचं थोडं सविस्तर. असेंबल्ड सेटमध्ये कॅबिनेटसोबतच ‘४५० वॉट’ लिहिलेला एसएमपीएस येतो, वजनाला हलका आणि नावगाव नसलेला. घरच्या डेस्कटॉपला प्रत्यक्षात साध्या कामात ५०-६० वॉटसुद्धा लागत नाहीत, त्यामुळे आकडा मोठा असून उपयोग नाही; दर्जा हवा. ‘८० प्लस’चा शिक्का असलेला साडेतीनशे-चारशे वॉटचा घ्या आणि तो वेगळा बिलात लिहून घ्या. हेही लक्षात असू द्या की ८० प्लसची चाचणी २३ अंशांच्या आसपास होते. नागपूरच्या मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बंद खोलीत कॅबिनेटच्या आत काय तापमान असेल, याचा अंदाज करा. स्वस्त एसएमपीएस इथे पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यातच दम तोडतात, आणि जाताना बोर्डाला सोबत नेतात.

वीज, कूलर आणि धूळ

तीस हजारांचं बजेट असेल तर तीन हजार या भागासाठी आधीच बाजूला काढून ठेवा.

आधी अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, ही तक्रार जुन्या वस्त्यांमधल्या घरांतून फार ऐकू येते. एसएमपीएसच्या आत गाळणी म्हणून लावलेले कपॅसिटर थोडा विद्युतप्रवाह अर्थकडे सोडतात. अर्थची तार जोडलेलीच नसेल तर तो प्रवाह पत्र्यावर साठून राहतो आणि मीटरने मोजला तर तिथे शंभर व्होल्टच्या आसपास दिसतात. प्रवाह अगदी थोडा असल्याने जिवावर बेतत नाही, पण यूएसबी पोर्ट, लॅन पोर्ट आणि पेन ड्राइव्ह यामुळे जातात. इलेक्ट्रिशियनकडून त्या सॉकेटचं न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज मोजून घ्या; दोन-तीन व्होल्टच्या आत असावं. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात घालणारं अडॅप्टर कॉम्प्युटरला कधीच लावू नका.

मग यूपीएस. ६०० व्हीएचा, एव्हीआर (व्होल्टेज आपोआप सांभाळण्याची सोय) असलेला पुरतो. आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते; नवीन असताना मॉनिटरसकट साधा डेस्कटॉप १५-२० मिनिटं ओढतो. लाइन गेल्यावर फाइल जतन करून नीट बंद करायला एवढा वेळ खूप झाला. त्यावर लेझर प्रिंटर लावू नका, तो गरम होताना जो झटका ओढतो त्याने यूपीएस बंद पडतो. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं, म्हणून आपल्याकडे ती दोन-अडीच वर्षांत थकते. यूपीएस खिडकीखालच्या उन्हात किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवू नका.

घरी इन्व्हर्टर असेल तर त्यावरच डेस्कटॉप चालू शकतो. बऱ्याच इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ आणि ‘ईको’ किंवा ‘नॉर्मल’ असा खटका असतो. तो यूपीएसवर ठेवा. ईकोवर बदल व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. इन्व्हर्टर साइनवेव्ह असावा.

कूलरच्या झोतात कॉम्प्युटर ठेवणं ही नागपुरी घरातली सर्रास चूक. कूलरची हवा थंड असते, पण सोबत पाण्याचे बारीक तुषार येतात आणि बोअरचं जड पाणी असेल तर क्षारही. बोर्डावर पांढरट थर बसतो, रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळवंडतात, आणि जुलैत मशीन चालूच होत नाही. कूलर एका भिंतीला, कॉम्प्युटर त्याच्या बाजूच्या भिंतीला, आणि खोलीत हवा बाहेर जायला एक खिडकी उघडी, अशी मांडणी करा. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. फूटभर तरी उंच, मागे वीत-दीड वीत जागा मोकळी.

फेब्रुवारी संपता संपता, नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) यायच्या खूप आधी, कॅबिनेट उघडून ब्लोअरने साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते वेड्यासारखं फिरून बेअरिंग खराब होतं. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांच्या बाजूला राहत असाल, किंवा शेजारी बांधकाम चालू असेल, तर वर्षातून दोनदा. जूनमध्ये गडगडाट सुरू झाला की मेनचा प्लग काढाच, शिवाय राउटरचा अडॅप्टर आणि लॅन केबलही काढा. विजेचा लोट त्या केबलमधून सरळ बोर्डात शिरतो, आणि ही केबल नेमकी विसरली जाते.

दुकानात बसून काय तपासायचं

पैसे देण्याआधी मशीन चालू करून अर्धा तास मागा. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये जा. प्रोसेसरचा पूर्ण नंबर, रॅम किती, किती जागा वापरल्या, आणि डिस्क एसएसडी की एचडीडी हे सगळं तिथे एका ठिकाणी दिसतं. ते कोटेशनशी ताडून पाहा. मग क्रिस्टल डिस्क इन्फो हे मोफत साधन चालवून एसएसडीची तब्येत आणि ती किती तास चालली आहे ते बघा. ‘नवीन’ म्हणून दिलेल्या एसएसडीवर हजारो तास दिसले तर प्रश्न विचारा. यूट्यूबवर १०८० चा व्हिडिओ लावून दहा मिनिटं चालू ठेवा. या वेळात प्रोसेसरचा वापर सतत ७०-८० टक्क्यांवर राहायला नको. पाठीमागचे सगळे यूएसबी पोर्ट पेन ड्राइव्ह लावून बघा. मॉनिटरवर पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं चित्र लावून ठिपके शोधा, कारण एखाद-दुसऱ्या ठिपक्यासाठी कंपन्या सहसा मॉनिटर बदलून देत नाहीत. बंद करून पुन्हा चालू केल्यावर तारीख-वेळ मागे गेली असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलाय. हा दोष किरकोळ आहे, तिथेच बदलून घ्या.

विंडोज खरी आहे का हे सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन इथे दिसतं. डिजिटल लायसन्स असा उल्लेख हवा. चोरीची विंडोज टाकून देतो, असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. ज्या साधनाने ती ‘उघडतात’ त्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करतात, आणि त्याच मशीनवर मग तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकणार. लायसन्सचे पैसे वाचवायचे असतील तर लिनक्स मिंट टाका. ब्राउझर, लिब्रेऑफिस, व्हिडिओ सगळं चालतं. मात्र डिजिटल सहीचा टोकन किंवा एखादं खास अकाउंटिंग सॉफ्टवेअर वापरत असाल तर विंडोजच ठेवा.

मराठी टायपिंगसाठी वेगळं काही विकत घ्यायची गरज नाही. विंडोज ११ मध्ये टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज अँड रीजन इथे मराठी जोडा आणि कीबोर्डमध्ये ‘मराठी फोनेटिक’ निवडा. घरातलं कोणी जीसीसी-टीबीसी टायपिंग परीक्षेची तयारी करत असेल तर क्लासमध्ये कोणता लेआउट शिकवतात ते विचारून तोच लावा. बोटांची सवय मोडली की वेग पडतो.

बिल जीएसटीचंच घ्या. कॉम्प्युटरवर १८ टक्के लागतो आणि “बिल नको असेल तर एवढे कमी” हा सौदा वॉरंटीच्या दिवशी महाग पडतो. बिलावर ‘पीसी १ नग’ एवढं लिहिलेलं चालत नाही. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, मॉनिटर आणि यूपीएस या प्रत्येकाचं मॉडेल आणि सीरियल नंबर वेगळ्या ओळीत हवा, कारण प्रत्येकाची वॉरंटी वेगळी आणि सेवा केंद्रही वेगळं. नागपुरात त्या कंपनीचं सेवा केंद्र आहे की माल पुण्या-मुंबईला जातो, हे दुकानातूनच फोन करून विचारा. बिल गुळगुळीत थर्मल कागदावर असेल तर एका उन्हाळ्यात अक्षरं उडतात. घरी पोचल्याबरोबर त्याचा आणि सगळ्या बॉक्सवरच्या स्टिकरांचा फोटो काढून स्वतःलाच ईमेल करून ठेवा.